चवदार तळ्याचा दावा

कायदा म्हणजे दंड आणि वकील म्हणजे भांडणावर पोट भरणारा मनुष्य, अशी समजूत पुष्कळ घरांतून आढळते. ती किती अपुरी आहे, हें त्या वेळच्या कुलाबा व हल्लींच्या रायगड जिल्ह्यांतील महाड येथील एका दाव्यावरून ध्यानांत येईल.

सन १९२३ मध्यें मुंबईच्या कायदे कौन्सिलानें श्री. सीताराम केशव बोले यांचा एक ठराव संमत केला. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या विहिरी, धर्मशाळा व पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावे, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं चवदार तळें त्यांस खुलें केलें. पण ठराव कागदावरच राहिला. ता. २० मार्च १९२७ रोजीं बॅरिस्टर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. त्याच दिवशीं परिषदेस आलेल्या लोकांस मारहाण झाली; पुढें तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली, आणि त्याच वर्षीं म्युनिसिपालिटीनें आपला ठरावहि रद्द केला.

डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह व्हावयाचा होता. तोंच गांवांतील कांहीं गृहस्थांनीं दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. पाणी घेण्याच्या निश्चयानें आलेल्या हजारों लोकांची समजूत घालून डॉ. आंबेडकरांनीं सत्याग्रह तहकूब केला. लोक मिरवणुकीनें तळ्याला वळसा घालून परतले. पाण्यास कोणीं हात लावला नाहीं. भरल्या घागरीजवळ बसणारास न्यायाची वाट पाहणें सोपें. तहानलेल्यास तें किती कठीण!

वादींचें म्हणणें दुहेरी होतें. तळें खाजगी आहे, हें एक. आणि अस्पृश्यांस तेथें मज्जाव करण्याची रूढि अनादि काळापासून आहे, हें दुसरें. रूढीस कायद्याचें बळ यावयाचें तर तिचें पुरातनत्व पुराव्यानें सिद्ध व्हावें लागतें. तळें म्युनिसिपालिटीचें ठरलें. म्युनिसिपालिटी होण्यापूर्वीं अस्पृश्य लोक तेथें येत व त्यांस अडविण्यांत येई, असा पुरावा मिळेना. तळ्याभोंवतीं सवर्णांचीं घरें. तेव्हां इतरांस तेथें येण्याचें प्रयोजनच पडलें नसावें. कोणी येत नव्हता, एवढ्यावरून त्यास येण्याचा हक्क नव्हता असें होत नाहीं.

महाडच्या कोर्टानें १९३१ सालीं दावा काढून टाकला, १९३३ सालीं ठाण्यास अपील फेटाळलें गेलें, आणि ता. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया यांनीं तोच निर्णय कायम केला. दावा लागला त्या वर्षीं पहिल्या इयत्तेंत बसलेला मुलगा निकालाच्या वेळीं मॅट्रिकच्या जवळ पोंचला असेल!

पुढें ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते, तें ता. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलें. त्याच्या १७ व्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली. आणि १५ व्या अनुच्छेदांत सार्वजनिक विहिरी, तलाव व स्नानघाट यांचीं नांवें स्पष्ट घातलेलीं आहेत. एका गांवच्या तळ्याचा प्रश्न अशा रीतीनें सर्व देशाच्या कायद्यांत सुटला.

विद्यार्थिमित्रहो, ‘हें असेंच चालत आलें आहे’ असें कोणी म्हणेल, तेव्हां ‘केव्हांपासून व कोणत्या आधारानें?’ असें नम्रपणें पण निर्भयपणें विचारावयास शिका. हक्क कागदावर लिहिला गेला, तरी तो बजावणारा आणि न्यायासनापुढें चिकाटीनें राखणारा मनुष्य लागतो.