जहाजाचे सावकाश इंजिन

२००६ साली ‘एमा मर्स्क’ या मालवाहू जहाजावर बसविलेले प्रचंड डिझेल इंजिन पूर्ण वेगातही मिनिटाला अवघे १०२ फेरे घेते. मोटारीचे इंजिन सहज ३००० घेते. मग हे मंद म्हणायचे का? गणित करा. याच्या दट्ट्याची धाव अडीच मीटर. एका फेऱ्यात तो पाच मीटर जातो. म्हणजे सेकंदाला सरासरी साडेआठ मीटर! मोटारीतील ८ सेंटिमीटर धावेचा दट्ट्या आठच मीटर जातो.

मग फेरे कमी का? मोठा पंखा सावकाश फिरला, तर शक्ती कमी वाया जाते. इंजिनाचा दंड थेट पंख्यालाच जोडलेला असतो. म्हणून जहाज मागे न्यायचे, तर इंजिन थांबवून दाबलेल्या हवेने उलटे सुरू करावे लागते. कप्तानाला दूरवरचे आधीच पाहावे लागते, ते उगीच नव्हे!