बॅटरी उकळते, दोष कोणाचा?



गळीत हंगामात रात्री-अपरात्री धारूरचा घाट उतरण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर येतो. रस्ता वळणाचा, एका बाजूला दरी. तिथे गाडीचे दिवे गेले तर काय होईल, हे आम्ही सांगायला नको. म्हणून जुन्या जीप व ट्रॅक्टरमधील एका दोषाची माहिती देत आहोत. तो दोष म्हणजे अल्टरनेटरचे जादा चार्जिंग.

उसाला पाणी जादा झाले की मुळ्या कुजतात, तीच गत बॅटरीची.

लक्षणे : बॅटरीचे पाणी वरचेवर आटते, डबा तापतो किंवा फुगतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब सारखे उडतात. अशा वेळी आपण नवी बॅटरी आणतो आणि तीही लवकरच जाते. आधी तपासावे, मग खर्च करावा.

तपासणी (१२ व्होल्टची गाडी) :

१) गाडी काही तास उभी ठेवून बॅटरीला मीटर लावावे. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

२) इंजिन चालू करून रेस वाढवावी. १३.८ ते १४.४ ठीक. रेसबरोबर आकडा १५ च्या वर चढत गेला, तर चार्जिंग जादा आहे.

३) लगेच रेग्युलेटर बदलू नये. रेग्युलेटर व्होल्टेज बघून चार्ज कमी-जास्त करतो. त्याची अर्थ गंजली तर व्होल्टेज त्याला कमी भासते आणि तो आणखी चार्ज सोडतो. इंजिन चालू ठेवून मीटरची एक वायर रेग्युलेटरच्या अंगाला व दुसरी बॅटरीच्या वजा टोकाला लावावी. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले, तर अर्थ घासून साफ करून आवळावी. पुन्हा मोजावे. तरीही आकडा चढाच असेल, तर रेग्युलेटर गेला असे समजावे.

४) आकडा १४ च्या आसपास आहे, तरी बॅटरी उकळते? मग हायड्रोमीटरने प्रत्येक सेल पाहावा. बाकीचे १.२६० च्या आसपास आणि एकच फार खाली असेल, तर तो सेल मेला. इथे मात्र दोष बॅटरीचाच.

खबरदारी : इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नये, अल्टरनेटरचे डायोड जळतात. उकळत्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ बिडी-काडी नको. कमी झालेल्या पाण्याच्या जागी डिस्टिल्ड वॉटरच घालावे. ॲसिड नको, विहिरीचे पाणी तर नकोच.

हंगामाला गाडी जुंपण्याआधी एवढे अवश्य करून घ्यावे, ही विनंती.