नेट चालतं, मग कॉल का लागत नाही?

प्रश्न : मुलाने अमेरिकेहून अनलॉक अँड्रॉइड फोन आणला. जिओच्या सिमवर नेट चालतं, पण कॉल लागत नाही. फोन खराब आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काळजी नको, फोन बहुधा धडधाकट आहे. अनलॉक म्हणजे कोणत्याही कंपनीचं सिम घेणारा, एवढंच. जिओकडे 2जी-3जी नाही. कॉल व्होल्टीवरून, म्हणजे 4जी नेटवर्कवरून जातो आणि त्याची सोय फोनच्या सॉफ्टवेअरमध्येच असावी लागते. आधी सिस्टिम अपडेट करा, फोन बंद करून चालू करा. मग सिमच्या सेटिंगमध्ये 'व्होल्टी' किंवा '4जी कॉलिंग' सुरू करा. पर्याय दिसलाच नाही, तर 2जी असलेल्या एअरटेल किंवा व्हीआयचं सिम घालून पाहा. दुकानात सॉफ्टवेअर 'मारून' मात्र घेऊ नका; डेटा जाईल, बँकेची ॲप्सही अडू शकतील.