शिंपल्यातील मांस व यीस्ट : पोषणमूल्यांची तुलना

तिसऱ्या व कालवे यांत प्रथिने, लोह, जस्त आणि ब-१२ जीवनसत्त्व ही विपुल असतात. वाळविलेल्या यीस्टमध्येही प्रथिने भरपूर असून थायमिन व फोलेट ही ब-गटातील जीवनसत्त्वे मिळतात. मुंबईतील गरोदर स्त्रियांचा एक प्रकारचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे डॉ. ल्यूसी विल्स यांनी १९३१ साली दाखविले. तो गुण पुढे फोलेटचा ठरला. परंतु यीस्टमध्ये ब-१२ निसर्गतः नसते. ते वरून मिसळावे लागते. ब-१२च्या अभावी झालेला रक्तक्षय फोलेटने दूर झाला तरी मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून ज्या घरी मासळी वर्ज्य आहे, तेथे मुलांना रोज दूध वा दही मिळावे, हे शिक्षकांनी पालकसभेत समजावून सांगावे.