विटी लागली, मोतीबिंदू झाला

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या उजव्या डोळ्याला दोन महिन्यांपूर्वी विटी लागली. आता बुबुळात पांढरं दिसतं. एवढ्या लहान वयात लेन्स बसवतात का? की मोठा होईपर्यंत थांबावं? (एक वाचक, ता. तुमसर, जि. भंडारा)

उत्तर : थांबू नका. माराने नैसर्गिक भिंगाचं आवरण फाटलं, की आत पाणी शिरून भिंग पांढरं होतं. म्हाताऱ्या माणसाचा मोतीबिंदू सहा महिने थांबला तरी बहुधा चालतं. सात वर्षांच्या मुलाचा मेंदू मात्र अजून बघायला शिकत असतो. अंधुक डोळ्याकडे तो दुर्लक्ष करू लागला, की डोळा 'आळशी' होतो.

आधी डोळ्याचा दाब मोजतात. पांढऱ्या भिंगामागचा पडदा दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी करतात. पडदा सुटला असेल तर नुसत्या लेन्सने भागत नाही. या वयात लेन्स बसवता येते. भिंगाला धरणारे धागे तुटले असतील तर बसवण्याची पद्धत बदलते. गंमत म्हणजे या लेन्सचं मूळही दुखापतीतच आहे : वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले ॲक्रिलिकचे तुकडे शरीर सहन करतं, हे पाहून नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनला पहिली लेन्स बसवली.

खरी मेहनत नंतरची. चष्मा लागेलच, आणि चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकावा लागेल. पोरगं रडेल, पट्टी काढून फेकेल. पुन्हा लावा. याच आठवड्यात भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवा. गरज पडल्यास तिथून नागपूरला पाठवतील.