विषाणू दिसत नाही, म्हणजे गेला असे नव्हे

एचआयव्हीवरील औषधे नियमित घेणाऱ्या रुग्णाच्या हाती काही महिन्यांनी 'रक्तात विषाणू आढळला नाही' असा अहवाल येतो, आणि गोळ्या बंद करण्याचा विचार नेमका त्याच वेळी मनात डोकावतो. ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात जाणाऱ्या आपल्या परिसरातील कुटुंबांना तर टोळीबरोबर निघण्याची घाईही असते. म्हणून या अहवालाच्या निमित्ताने सदर विषयाची थोडी माहिती देणे उचित वाटते.

एचआयव्ही हा प्रामुख्याने 'सीडी-४' या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशीत शिरतो व आपली जनुकीय माहिती त्या पेशीच्या डीएनएमध्ये कायमची जोडून देतो. पेशी कार्यरत असली की तिच्यातून नवे विषाणू बाहेर पडतात. परंतु अशा काही मोजक्या पेशी पुढे विश्रांत अवस्थेत जातात. पूर्वीच्या रोगांची आठवण वर्षानुवर्षे जपणे हेच या स्मृतिपेशींचे काम. त्यामुळे त्या दीर्घायुषी असतात. त्यांच्यात विषाणू तयारच होत नसल्याने औषधाला अडविण्यासारखे काही उरत नाही आणि शरीराच्या संरक्षक यंत्रणेलाही शत्रू ओळखू येत नाही. वाणिज्य शाखेच्या माणसाला येथे बँकेतील निष्क्रिय खाते आठवते. वर्षानुवर्षे एकही नोंद नसते, पण खाते बंद झालेले नसते.

हा सुप्त साठा औषधोपचार चालू असतानाही टिकून राहतो, हे १९९७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. दहा लाख विश्रांत पेशींमागे जेमतेम एखादी अशी पेशी, परंतु केवळ औषधांच्या बळावर हा साठा संपण्यास ७० वर्षांहून अधिक काळ लागेल, असा अंदाज २००३ मध्ये मांडण्यात आला. औषध थांबले की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच परत येतो. उपचारात मुद्दाम खंड ठेवण्याचा प्रयोग 'स्मार्ट' नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ५,४७२ रुग्णांवर झाला. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खंड पडलेल्या गटात संधिसाधू आजार वा मृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले.

मग झोपलेल्या विषाणूस जागे करून मारता येईल काय? 'जागवा आणि मारा' या नावाने ओळखली जाणारी दिशा तीच आहे. कर्करोगावरील व्होरिनोस्टॅट या औषधाने विश्रांत पेशींतील विषाणू हालचाल करू लागतो, हे २०१२ मध्ये दिसले. मात्र ब्रिटनमध्ये ६० पुरुषांवर या औषधाला लसीची जोड देऊनही साठा कमी झाला नाही, असे २०२० मध्ये जाहीर झाले. जागे करणे साधले, मारणे साधले नाही. याउलट विषाणूस कायमचे निद्रिस्त ठेवण्याचा मार्गही काही संशोधक शोधीत आहेत. मज्जापेशींच्या प्रत्यारोपणाने टिमथी ब्राऊन यांच्यासह मोजके रुग्ण मुक्त झाले खरे, पण त्यांना हे जोखमीचे उपचार रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारामुळे घ्यावे लागले होते. सर्वसामान्य रुग्णासाठी तो मार्ग नव्हे.

असे असले तरी गोळ्यांचे मोल कमी होत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग असलेल्या, नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात लवकर सुरू केलेल्या उपचारांमुळे जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये दिसून आले. विषाणू दडपलेला राहिला तर रुग्ण दीर्घकाळ कामधंदा करू शकतो, संसार सांभाळू शकतो. अट एकच, रोजची गोळी.

शासकीय एआरटी केंद्रांत ही औषधे २००४ पासून विनामूल्य मिळतात. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णास एकाहून अधिक महिन्यांची औषधे एकदम मिळू शकतात, तसेच दुसऱ्या जिल्ह्यातील केंद्रात नाव वर्ग करून घेता येते. टोळी निघण्यापूर्वी, उचल घेतली त्याच आठवड्यात, केंद्रातील समुपदेशकास मुक्कामाचे ठिकाण सांगून ठेवावे आणि उपचारपुस्तिका सामानात न विसरता घ्यावी.