पिलबराचा संप

पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबरा प्रांतात गोऱ्या मालकांची मेंढ्यांची विस्तीर्ण कुरणे होती. तेथे राबणारे आदिवासी त्या भूमीचे मूळ रहिवासी. पण पुष्कळांना मजुरी म्हणून पीठ, चहा व साखर एवढेच मिळे. त्यांनी संप करण्याचे ठरविले. परंतु शेकडो मैल पसरलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मजुरांना नेमका दिवस कळावा कसा? डूली बिनबिन हा आदिवासी पुढारी कुरणोकुरणी हिंडला. त्याने दिवसांच्या खुणा केलेले कागद वाटले. रोज एक खूण खोडावयाची! १ मे १९४६ रोजी संप सुरू झाला. त्यात किमान ८०० आदिवासी सामील झाले. पुढाऱ्यांना तुरुंगवास घडला, तरी संप मोडला नाही. १९४९ साली खलाशांच्या संघटनेने त्या कुरणांवरील लोकर जहाजांतून नेण्यास नकार दिला. गौरेतर मजुरांना देशात येऊ देऊ नये, असे एके काळी तेथील कामगार संघटनाच म्हणत असत. हे ध्यानी घेतले म्हणजे त्या नकाराचे मोल कळते. काही मालकांनी मजुरी वाढविली. अनेक संपकरी मात्र परतले नाहीत. एकत्र राहून ते खनिजे वेचू लागले.